सिंहाचं सोंग

भुशाची पाटी मांडीशी घेऊन कुर्बानअली पडद्यामागे बसला होता. अंगावर गोणपाटाचं सिंहाचं कातडं चढवलेलं, तोंड तेवढं उघडं. सारखा उठायचा, फटीतून बघायचा, परत बसायचा. बाहेर अंगणात मोहरमचा करबलाचा खेळ संपत आला होता. शहीद धुळीत पडले होते. आता सिंहानं यायचं, प्रेतं हुंगायची, त्यांच्या अंगातले बाण उपसायचे आणि स्वतःच्या डोक्यावर भुसा उधळून शोक करायचा. सिंहाला एकही शब्द नसतो.

मशदी नुसरत घाईघाईनं आत आला. मशहदची यात्रा करून आलेला म्हणून मशदी; गावचा खेळ तोच बसवायचा. म्हणाला, "काका, यंदा सिंह राहू द्या. डाळ-गोश्ताची पातेली उतरलीत. लोक उठायला लागलेत."

"मग प्रेतं राखायची कोणी?"

नुसरत वैतागला. म्हणाला, पोरं हसतात, शेपूट ओढतात. गोणपाटाच्या आत तुम्ही रांगलात काय आणि दुसरं कोणी रांगलं काय. शेवटी म्हणाला, मूठभर भुसा उधळा आणि लगेच परत या.

कुर्बानअलीनं सिंहाचं मुंडकं जवळ ओढलं. तेवीस वर्षांपूर्वी दारच्या कुत्रीचं पिल्लू मेलं होतं. ती आधी लांब उभी राहिली, मग हुंगत जवळ आली, मग पंजानं त्याला हलवून बघू लागली. तो तीन दिवस तिच्यासमोर बसून तिची हालचाल टिपत होता. बायको त्यावरून अजून टोमणे मारते. आता गुडघे गेलेत, तरी रोज सकाळी परसात चार पायांवर फिरतो.

मुंडकं चढवून तो बाहेर पडला. बायका ताटं मांडत होत्या. त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तो थांबला. मान खाली घालून वारा हुंगला. एक पंजा उचलला आणि तसाच धरला.

भिंतीशी बांधलेला खेळातला पांढरा घोडा एकदम फुरफुरला. मागच्या पायांवर उभा राहून दोरीला हिसडे देऊ लागला. ताटाकडे निघालेली माणसं वळली. चौघांनी लगाम धरला, तरी घोड्याचं अंग थरथरत होतं. सिंह प्रेतांकडे निघाला. मग कोणी जागचं हललं नाही.

तो आत आला तेव्हा नुसरत घोडेवाल्या ऐनुल्लावर उखडला होता. जनावराला कातड्याची सवय लावायला सांगितलं होतं ना?

"महिनाभर कातडं त्याच्याच गव्हाणीवर टांगलंय, मशदी," ऐनुल्ला म्हणाला. "परवा तर घोड्यानं सिंहाचा एक कान खाल्ला."

कुर्बानअलीनं मुंडकं काढलं. घाम डोळ्यांत उतरत होता. तो ऐनुल्लाजवळ सरकला.

"कितव्या पावलाला बुजला रे?"