सुरगाठ

सहा वर्षं खपून मेट्रनबाईंनी लिहिलेलं बाळांच्या वॉर्डातल्या औषधांचं पुस्तक बांधायला बाइंडरकाकांनी सुईत दोरा ओवला, तोच समोर बसलेल्या बाईंना वॉर्डातून फोन आला, "बाई, चौथ्या पानावरच्या औषधाचा डोस बदललाय." ते ऐकून काकांनी कपाळाला हात लावला. "ही तिसरी खेप! रोज नवं काहीतरी निघतंय. सगळं कळेपर्यंत थांबलात, तर हे तुमच्या हयातीत बांधून व्हायचं नाही." बाईंना ते पटलं, सगळं कुणालाच कळणार नव्हतं. पण वॉर्डातल्या आधीच्या पुस्तकातल्या जुन्या पानावर विसंबून एका तान्हुल्याला दुप्पट औषध गेलं होतं, तेही त्या विसरल्या नव्हत्या. "काका, शिवूच नका. भोकं पाडून नाडी ओवा. आणि निरगाठ नको, सुरगाठ मारा, ओढली की सुटेल अशी." काकांनी गाठ मारली. बाईंनी तिथल्या तिथे तिचं टोक ओढलं, चौथं पान काढलं आणि पेन मागितलं.