एकच वायफाय

काकासाहेबांनी मोबाइलवर राउटरचा पत्ता, १९२.१६८.१.१, पुन्हा टाकला. पान काही उघडेना. राउटरच्या पाठीवरचं स्टिकर पार पुसट झालेलं. वायफायचा पासवर्ड आजच्या आज बदलायचा, या हट्टाला ते पेटले होते.

सकाळी देवळाईच्या या घरापुढं टँकर आला आणि पाणी आधी कुणाच्या टाकीत सोडायचं, यावरून धाकट्या भावाशी, गोकुळशी, त्यांचं चांगलंच वाजलं. गोकुळ वरच्या मजल्यावर राहायचा. लाइटचं मीटर वेगळं, टाकी वेगळी. वायफाय तेवढं एक, तेही काकासाहेबांच्या खोलीतलं. आता घे म्हणावं नेट!

पण राउटर बसवला होता गोकुळच्या पोरीनं, मोनिकानं. शेवटी जिन्यात उभं राहून त्यांनी तिलाच हाक मारली. राग चढला की माणसाला लाजही उरत नाही.

"काय झालं, मोठे बाबा?" ती खाली त्यांच्या खोलीत आली.

"पासवर्ड बदलायचाय," काकासाहेब खाटेवर बसत, तिच्याकडं न बघता म्हणाले. "शेजारचे फुकटात वापरायलेत."

मोनिकानं सकाळचं भांडण जिन्यातून ऐकलं होतं. तिला काय कळायचं ते कळलं.

"आपल्या राउटरचा पत्ता निराळाय," ती म्हणाली. "शेवटी एक पॉइंट एक नाय, शून्य पॉइंट एक."

तिनं त्यांच्या मोबाइलवर टाकलं. सेटिंगचं पान लगेच उघडलं.

"नवा पासवर्ड तुम्हीच टाका," असं म्हणून तिनं मोबाइल त्यांच्या हातात दिला आणि आपणहून भिंतीकडं तोंड केलं. अंगाखांद्यावर खेळवलेली पोर अशी परक्यासारखी पाठमोरी उभी राहिलेली काकासाहेबांनी बघितली. तरी त्यांनी बटण दाबलंच.

वर त्यांच्या आईच्या, द्वारकाबाईंच्या, मोबाइलवर कीर्तन चालू होतं. ते मध्येच थांबलं.

"काकासाहेब," म्हातारीची हाक जिन्यातून खाली आली, "नेट गेलं बघ. खाली लाइट गेली का रं? वर ये बाबा. इथं पंखा चालू हाय. लई उकडतंय."



"व्हय आजी, गेली," मोनिका भिंतीकडं बघतच म्हणाली.

काकासाहेब उठले आणि डोक्यावर गरगरणारा पंखा त्यांनी बंद केला.