अकरा हजार निबंधांचा आधार

डॉ. वासंती निमकरांनी फोन लावला तो थेट इरफान मुजावरला, आपल्या लाडक्या विद्यार्थ्याला.

"इरफान, माझा तीस वर्षांपूर्वीचा प्रथिनावरचा शोधनिबंध चुकलाय. नमुन्यांची अदलाबदल झाली होती. मी तो मागे घेतेय."

एक निबंध मागे घेतला, की त्याच्या आधारावरचे सगळे निबंध आणि पदव्या संशोधनाची नोंद ठेवणारी संगणक यंत्रणा त्याच क्षणी रद्द करत असे. वासंतीबाईंच्या निबंधाचा आधार अकरा हजार निबंधांनी घेतला होता. इरफानची डॉक्टरेटही त्यावरच उभी होती.

"मॅडम, तुम्ही निवृत्त झालात. मला अजून वीस वर्षं काढायचीत. कुणाला कळणारही नाही."

"सोमवारपासून त्याच प्रथिनावरचं औषध माणसांना टोचणार आहेत रे."

"मग मला सांगता कशाला?" म्हणत त्याने फोन ठेवला.

वासंतीबाईंनी निबंध मागे घ्यायला पडद्यावर मंजुरी दिली. हातातला चहा निवायच्या आत सगळे निबंध आणि पदव्या रद्द झाल्या. औषधाची चाचणीही थांबली.

थोड्या वेळाने इरफानचाच फोन आला. आवाजात राग नव्हता.

"मॅडम, पदवी गेली म्हणून प्रयोगशाळेचं दार मला आत घेत नाहीये. उंदरांना पाणी द्यायचं राहिलंय."