अस्तरातला टॅग

“हे वेडेवाकडे टाके माझे नव्हेत!” कोट हातात घेताच शिंपीणबाई गिऱ्हाइकावर कडाडल्या. त्या पोरीचा चेहरा उतरला. “आठ दिवस फोन सांगतोय, अनोळखी टॅग सोबत फिरतोय. मला वाटलं, फोनच बिघडलाय. आणि सोडलेला नवरा जाईन तिथं हजर होतोय!” बाईंनी अस्तर उसवलं. आतून बटणाएवढा, ठावठिकाणा कळवणारा टॅग निघाला. त्यांनी सदा हरवणाऱ्या कात्रीला लावलेला, अगदी तस्साच. गणवेशाचं माप द्यायला आलेल्या फौजदारबाईंनी तो मुठीत घेतला. “कोट घेऊन पडद्याआड जा, पोरी.” दहाव्या मिनिटाला नवरा दारात. “माझी बायको कुठंय?” “ती इथं आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?” फौजदारबाईंनी विचारलं. तो मागं सरकला. पोरीनं आतून फोनवर ‘टॅग वाजवा’ दाबलं आणि फौजदारबाईंची मूठ टिवटिवली. “आण तो कोट,” शिंपीणबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, “आता माझे टाके घालते!”