आजोबांच्या छातीशी

नात तीन महिन्यांची झाली तरी वेंकोबांनी तिला एकदाही उचललं नव्हतं. हात कापायचे त्यांचे. पोर निसटली तर, या धास्तीनं ते लांबूनच बघायचे. आज सूनबाईनं, मधुमितानं, त्यांना खुर्चीत बसवलं आणि बाळ अंगाशी बांधायचं लांब सुती कापड त्यांच्या खांद्यांवरून छातीभोवती गुंडाळलं. “बेडा, नको गं! पडेल ती,” वेंकोबा कानडी-मराठी मिसळत म्हणाले. “नाही पडणार, मामंजी. गाठ मी मारलीय.” तिनं बाळाला आत बसवलं, हनुवटी वर उचलून नाक मोकळं आहे ना पाहिलं. वेंकोबा श्वास रोखून बसले. मग बाळाची ऊब छातीला जाणवली, चिमुकला गाल सदऱ्यावर टेकला आणि नात झोपली. “काढू आता?” मधुमितानं विचारलं. “इरली, राहू दे,” ते कुजबुजले. तेवढ्यात खाली रस्त्यावर पालेभाजीवाला ओरडला, “सोप्पू, सोप्पू!” वेंकोबांनी बसल्या जागेवरून, खिडकीतूनच, त्याच्यावर डोळे वटारले.