निंबाखालची मोकळी जागा

"भरून टाकू की आप्पा," सचिन वडिलांना म्हणाला. "सगळ्यांनी भरलंय."

उत्तमरावांनी नकारार्थी मान हलवली. शेताचे प्लॉट पाडले तेव्हा कायद्याप्रमाणे दहावा हिस्सा बागेसाठी मोकळा सोडला होता. आता घर बांधताना नगरपालिका तिथं बाग करायला वर बगीचा शुल्क मागत होती. ते भरल्याशिवाय परवानगी नाही, आणि उत्तमराव भरायला तयार नाहीत. ते कोर्टात गेले.

मोकळी जागा त्यांनीच निवडलेली, जुन्या बांधावरच्या निंबापाशी. जमीन विकताना तेवढी एकच अट घातली होती. आता तिथंच बाग होणार म्हटल्यावर या माणसाच्या पोटात का दुखावं, हे कॉलनीत कुणालाच कळेना.

कलाबाई रोज संध्याकाळी निंबाला तांब्याभर पाणी घालायच्या. चपला लांबच काढायच्या. तिथं कुणी क्रिकेटचे स्टंप ठोकले की उपटून फेकायच्या. बायकोला बागेची एवढी हौस आणि नवरा आडवा येतो, असं लोक बोलत.

एकदा सचिननं बागेचा नकाशा मोबाईलवर पुढं धरला.

"मला न्हाई बघायचा," म्हणत उत्तमराव उठून गेले.

घर जोत्यावरच अडकलं. सून कंटाळून संगमनेरला माहेरी गेली. सचिन नागापूरला कारखान्याजवळ खोली घेऊन राहू लागला. म्हाताऱ्यानं हट्टापायी संसार मोडला, असं लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

शेवटी निकाल लागला. जागा घेतल्यावर पुन्हा बागेसाठी पैसे मागायचा नगरपालिकेला अधिकार नाही, असं कोर्टानं सांगितलं. त्या दिवशी उत्तमराव पोटभर जेवले.

"आता तिथं कुनी कुदळ लावनार न्हाई," ते बायकोला म्हणाले. कलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

शुल्क गेलं तशी बागही रद्द झाली. पण पाण्याच्या टाकीसाठी दुसऱ्या योजनेतून पैसे आलेले होते, आणि जमिनीखालची टाकी मोकळ्या जागेत चालते. पुढच्याच महिन्यात निंबापाशी जेसीबी येऊन उभा राहिला.

सचिन सुट्टीवर आला होता. त्यानं तो जुना नकाशा पुन्हा काढला.

"बागेत झाड तसंच राहनार होतं, आप्पा. भोवती फक्त पार. तिथली माती कुनी उकरनार नव्हतं."

या वेळी उत्तमरावांनी नकाशा पाहिला. खूप वेळ पाहिला. मग ते मटकन खाली बसले. झाडापायी माणूस एवढा खचतो, याचं सचिनला नवल वाटलं. झाड दुसरीकडं लावू, असं तो समजावू लागला.

कलाबाईंनी चपला काढल्या. जेसीबीच्या पुढ्यात जाऊन त्यांनी जमिनीवर दोन्ही हात पसरले.

"सचिन, मशीन थांबव बाबा," त्या म्हणाल्या. "तुझी थोरली बहीन निजलीय हितं."