दोनपासून पुढे

"परत दोन!" लेकीने बाबांच्या दुकानातल्या टेबलावर हात आपटला.

बाबांचं घड्याळदुरुस्तीचं पुस्तक संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोचायला हवं होतं. आज हुकलं तर पाळी दुसऱ्याची आणि बाबांचं पुस्तक थेट पुढच्या वर्षी. आणि इथे दुरुस्तीच्या पायऱ्यांची प्रत्येक यादी दोनपासून सुरू होत होती. संगणकावर पुस्तकांची पानं जुळवणं हा लेकीचा पोटापाण्याचा धंदा. जगाची पुस्तकं सरळ करणारीला घरचंच पुस्तक दाद देईना. तिने पानांचा साचा बदलला, प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. साचा म्हणे एक, पान म्हणे दोन.

शेवटी तिने फाइल ओळीओळीने वाचायला घेतली. प्रत्येक यादीच्या डोक्यावर एक चिमुकली कमांड बसली होती : दोनपासून मोजा. साचा बिचारा तिच्यापुढे काय बोलणार? ही कमांड लेकीनेच कधीतरी बाबांना शिकवली होती.

"बाबा, हे उद्योग तुमचे?"

बाबा डोळ्याला भिंग लावून कामात होते. "राहू दे ते. पहिली पायरी तुझ्या आईची आहे. कधीचा मागे लागलोय, पण ही सांगेल तर शपथ."

"अहो, माझं काय त्यात?" काउंटरमागून आई म्हणाली. "घड्याळं तुम्ही उघडता."

"तू सांगितल्याशिवाय उघडलंय का एक तरी?"

नुकत्याच आलेल्या घड्याळाला आईने किंचित चावी दिली, ते कानाशी धरलं आणि डोळे मिटले. लेक लहानपणापासून हे बघत आली होती. आईला टिकटिक आवडते, एवढंच तिला वाटायचं. "चाकात केस अडकलाय," म्हणत आईने घड्याळ बाबांपुढे सरकवलं आणि बाबांनी मुकाट्याने चिमटा उचलला.

म्हणजे इतकी वर्षं आई घड्याळाचं दुखणं ऐकत होती. कमांड खोडायला टेकवलेलं बोट तिने उचललं आणि लॅपटॉप सरळ काउंटरवर नेऊन ठेवला.

"आई, तू बोलल्याशिवाय फाइल जायची नाही. मग बसा वर्षभर."

आईने बाबांकडे पाहिलं. त्यांनी भिंग काढून ठेवलं होतं आणि परीक्षेला बसल्यासारखे ते तिच्याकडे बघत होते.

"बरं, लिही," आई म्हणाली. "एक. आधी घड्याळजीला गप्प बसवा. मग घड्याळ काय म्हणतंय ते ऐका."